क्लच चांगला आहे

गाडीत बसायच्या आधीच बद्रीनाथांनी रत्नमालाला सांगून टाकलं की गाडीचा क्लच गेलाय. जागची हलताना लई धक्के देते, म्हणून तर विकायला काढली. नंतर कुणी फसवलं म्हणायला नको.

बजाजनगरातल्या त्यांच्या दारापुढं गाडी उभी होती. जुनी, पण रोज पुसलेली. बद्रीनाथ वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेले. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. त्यांच्या बायकोला, आशाबाईंना, ती विकणं पसंत नव्हतं, आणि रत्नमालाला चहा देतानाच त्यांनी तसं सांगितलंही होतं.

रत्नमाला छावणीतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. आता तिला स्वतःचा क्लास काढायचा होता. क्लच गेलेला असला तर भाव आणखी पाडता येईल, हे तिच्या लगेच ध्यानात आलं.

तिनं हँडब्रेक ओढला, इंजिन चालू केलं, तिसरा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय हळूहळू सोडला. क्लच घसरत असता तर इंजिन तसंच घरघरत राहिलं असतं. ते एका आचक्यात बंद पडलं. म्हणजे क्लच घट्ट धरत होता. रिव्हर्सही बिनआवाज पडला. मग काकांना शेजारी आणि काकूंना मागं बसवून ती पुलावर गेली, चढावर मुद्दाम थांबली आणि पुन्हा निघाली. गाडी अलगद चढली. जळका वास नाही, काही नाही. दर वेळी बद्रीनाथ सांगत होते की आता बघा, आता धक्का बसेल. बसला नाही.

पुलाखाली उतरून तिनं त्यांनाच चालवून दाखवायला सांगितलं. जागा बदलल्या. गाडीनं असे गचके खाल्ले की आशाबाईंचं डोकं पुढच्या सीटवर आपटता आपटता राहिलं.

“बघा,” बद्रीनाथ म्हणाले. त्यांच्या आवाजात जवळजवळ समाधान होतं.

रत्नमालाचं लक्ष रस्त्याकडं नव्हतं. शिकायला येणाऱ्यांचे डावे पाय बघण्यातच तिची इतकी वर्षं गेली होती. काकांचा पाय अर्ध्यापर्यंत नीट वर यायचा, आणि मग चटका बसल्यासारखा एकदम सुटायचा. गिअर टाकून झाला की त्यांचा हात गुपचूप गुडघ्यावर जायचा.

तिनं गाडी कडेला घ्यायला लावली. क्लच गेलाय, एवढंच म्हटलं असतं तर गाडी तिच्या भावात तिची झाली असती. काकांनी वर आभार मानले असते.

“काका, क्लच चांगला आहे,” ती म्हणाली. “तुमचा गुडघा दुखतोय.”

बद्रीनाथांनी गुडघ्यावरचा हात काढून स्टिअरिंगवर ठेवला. कधीपासून, असं आशाबाईंनी मागून विचारलं.

“चार माणसांत सांगायला क्लच बरा पडतो,” बद्रीनाथ म्हणाले.

आशाबाई रागावतील असं रत्नमालाला वाटलं होतं. त्या हसायलाच लागल्या. दिवाळीपासून पैठणला माहेरी जायचा विषय काढला की हा माणूस गाडीचं काहीतरी निमित्त सांगत होता.

“अन् मी समजत होते, तुमाला माझ्या माहेराचाच कंटाळा आलाय.”

घरी येईपर्यंत त्यांनी सगळं ठरवून टाकलं. उद्या डॉक्टर. गाडी विकायची नाय. रत्नमालाला हे अपेक्षितच होतं. दुसरी एखादी बघू म्हणत तिनं पर्स उचलली. तेव्हा आशाबाईंनी तिचा हात धरला आणि जरा लाजतच विचारलं, की या वयात बाईमाणसाला लायसन देतात का.

अशा रीतीनं गाडी यायच्या आधीच रत्नमालाच्या क्लासला पहिली विद्यार्थिनी मिळाली.

लर्निंग लायसन हातात आलं त्या रविवारी आशाबाई पदर खोचून स्टिअरिंगवर बसल्या. शेजारी रत्नमाला, मागं बद्रीनाथ. गाडी बंद पडली, पुन्हा बंद पडली, मग बेडकासारख्या उड्या मारत निघाली आणि शेजारच्या साळूबाईंच्या फाटकासमोर परत थांबली. साळूबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. गाडीला काय झालं म्हणून त्यांनी विचारलं.

बद्रीनाथांनी काच खाली केली.

“गाडीला काय नाय झालं, साळूबाई. माझा गुडघा गेलाय,” ते गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “आता हीच नेणार मला.”

आणि डावा पाय सीटवर लांब करून ते आरामात टेकून बसले.