चिंचवीराचे हक्क

वाघाची शेपटी ऑटोच्या मागच्या चाकात अडकली आणि चित्रीकरण पुन्हा थांबलं.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत सकाळपासून हेच चाललं होतं. वाघाच्या पोशाखात प्रवीणकुमार नावाचा पिळदार नट होता. मुंबईहून आलेली दिग्दर्शिका नंदिता कपाळ धरून बसली होती. कंपनीचे वकील शिवराज दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. आणि समोरच्या ओट्यावर चित्रकलेचे निवृत्त मास्तर सेतुराम राव बायको कनकलताबाईंशेजारी बसून हे सगळं पाहत होते.

या सिनेमातल्या वीराचा जन्म सेतुरामांच्याच हातून झाला होता. तरुणपणी त्यांनी एका तमिळ साप्ताहिकासाठी 'पुळि' नावाचा महावीर काढला होता. चेन्नईच्या एका कंपनीने त्याचे हक्क घेतले. तिने ते हैदराबादच्या कंपनीला विकले, आणि ती कंपनी मुंबईच्या कंपनीत विलीन झाली. सिनेमा कुणीच काढला नाही. मात्र स्वतःच्याच वीराचं चित्र काढायला सेतुरामांना परवानगी मागावी लागायची आणि ती कधी मिळायची नाही.

आज कराराचा शेवटचा दिवस होता. साप्ताहिकातल्या वीरावर आज चित्रीकरण सुरू झालं नाही, तर हक्क सेतुरामांकडे परत येणार होते. म्हणून तर कंपनीची ही धावपळ.

"तुम्ही उगे राहा," कनकलताबाई घरच्या तंजावुरी मराठीत दबक्या आवाजात म्हणाल्या. "त्यांस वाघ काढूं द्या. दिवस मावळला कीं पुळि आपला."

सेतुरामांनी मान हलवली. शेपटी सुटली. वाघाने डरकाळी फोडली आणि खलनायकाच्या छातीवर पंजा मारला. सेतुराम उठले. कनकलताबाईंनी त्यांच्या वेष्टीचं, म्हणजे लुंगीसारख्या धोतराचं, टोक धरून त्यांना खाली बसवलं. वाघाने मग खलनायकाचा कान चावला.

"अय्यो, पोदुम! पुरे!" सेतुराम ओरडले. वेष्टीचं टोक बायकोच्या हातातून सुटलं. "माझा वीर कोणास चावत नाहीं!"

नंदिता चमकली. या गावात मराठी ऐकायला मिळेल, असं तिला वाटलंच नव्हतं. "पण आजोबा, पुली म्हणजे वाघ ना?"

"पुलि म्हणजे वाघ. पुळि म्हणजे चिंच! माझा वीर चिंच आहे!"

शिवराज वकिलांनी करार उघडला. तो इंग्रजीत होता. इंग्रजीत ल आणि ळ दोन्हींना एकच अक्षर. तीन कंपन्यांनी एकामागून एक वाघ समजून चिंच ताब्यात घेतली होती, आणि साप्ताहिकाचा अंक एकीनेही उघडला नव्हता.

"म्हणजे वाघाचं चित्रीकरण धरलं जाणार नाही," वकील पुटपुटले. मग त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं सांगितलंत! अजून उजेड आहे."

कनकलताबाईंनी डोळे मिटून घेतले.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून गोणपाट आलं. त्याला जागोजागी सुतळी बांधून चिंचेसारखे फुगवटे काढले. प्रवीणकुमारने ते पाहिलं आणि तो हात जोडून मागे सरला. "मॅडम, दोन वर्षं जिम केलंय मी. चिंच होणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सेतुराम मात्र केव्हाचे गोणपाटाकडे बघत होते.

थोड्या वेळाने चिंचवीर दोरांवर लटकून राजवाड्याच्या गल्लीवर तरंगत होता. वरून सूचना देत होता. "मी मारत नाहीं! मी नुसता जवळ येतों! तुझ्या तोंडास पाणी सुटतें! इतकें सुटतें कीं तुला बोलतांच येत नाहीं!" खलनायक चुळा भरल्यासारखे गाल फुगवून जमिनीवर लोळला. गल्लीतली माणसं हसून हसून ओट्यांवरून खाली आली. नंदिताही हसता हसता ओरडली, "कट! ओके!"

"हक्क आमच्याकडे राहिले," वकिलांनी घाम पुसला.

खाली उतरवलेले सेतुराम गोणपाटातून घुसमटत म्हणाले, "अजून एकदां घ्या. डावीकडे वळलों तेव्हां फुगवटा हालला." मग त्यांना बायको दिसली आणि ते एकदम लहान झाले. "कनका, माझ्यानें राहवलें नाहीं."

कनकलताबाईंनी त्यांच्या कानाजवळची एक सुतळी सैल केली, इतकंच.

नंदिता सेतुरामांकडचे साप्ताहिकाचे जुने अंक चाळत होती. "पण हा एकटा कुठेच लढत नाही. प्रत्येक गोष्टीत शेवटचा घाव ही मिरची घालते. ही कोण?"

"मिळगाय. त्याची बायको," सेतुराम म्हणाले. "ती नसली तर हा नुसता आंबट."

"मग उद्या मिरची हवीच. तिच्याशिवाय सिनेमा होणार नाही."

"घ्या की," वकील म्हणाले. "हक्क आपलेच आहेत."

"मिरची मी काढली," कनकलताबाई म्हणाल्या. "यांस बायकांचे हात काढतां येत नाहींत. अंकावर माझें नांव आहे, बघा."

नंदिताने पाहिलं. होतं. वकिलांनी करार पुढून मागे आणि मागून पुढे चाळला. "पण मग तुमची सही कुठेय?"

"मजला कोणीं विचारलेंच नाहीं." कनकलताबाई ओट्यावर ऐसपैस बसल्या. "आतां विचारा. पण आधीं यांस चिंच काढायची मोकळीक लिहून द्या."