हरकतीचा महिना

"पुढचं टोकन," असं म्हणून त्याने मान वर केली, तर काचेपलीकडे आई. शेजारी चष्मेवाले काका, केसांना पाणी लावून, ठेवणीतला कोट घालून.

"डबा विसरलो का मी?" त्याने विचारलं.

"नाही रे. लग्नाची नोटीस द्यायची आहे. आम्हा दोघांच्या," आई म्हणाली आणि तिने दोन पासपोर्ट काचेखालून आत सरकवले.

परदेशातल्या या वकिलातीत लग्नांची खिडकी तोच सांभाळायचा. नियमाला इतका पक्का की सहकारी त्याला 'कलमवाले' म्हणत. आपल्या देशाच्या कायद्याने इथे लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती महिनाभर दाराजवळच्या फलकावर लागते, आणि कुणी हरकत घेतली नाही तरच वकिलातीतल्या मोठ्या बाई लग्न लावतात. हे तो झोपेतही म्हणून दाखवू शकला असता. आईला सांगताना मात्र त्याची बोबडी वळली.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आता आई आणि तो, दोघंच. काका बुद्धिबळ खेळायला यायचे, आणि ते आपल्याशीच खेळायला येतात असा या शहाण्याचा समज होता! बरं, माणूस वाईट असता तर रागवायला सोपं गेलं असतं. पण काकांत खोट काढायला जागा नव्हती. मग सगळा राग एकाच गोष्टीवर येऊन बसला. आईने आपल्याला विचारलं नाही. चार लोकांसारखं टोकन घेतलं आणि खिडकीत येऊन सांगितलं.

महिनाभर घरात त्या विषयाचं कुणी नाव काढलं नाही. जेवताना आई त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. तो मीठ मागायचा. ऑफिसात येता-जाता फलकावरची नोटीस दिसायची आणि तो नजर वळवून खिडकीशी जाऊन बसायचा. आई काकांकडे राहायला गेल्यावर संध्याकाळी कुलूप आपणच उघडायचं, हे त्याला कसंसंच वाटे. एकदा त्याने मनातल्या मनात हरकत लिहूनही पाहिली. पण कारणं ठरलेली होती: आधीचं लग्न, कमी वय, जवळचं नातं. 'मला विचारलं नाही' हे कुठल्याच कलमात बसेना.

मुदत संपत आली तेव्हा ओळखीतल्या एक मावशी तरातरा खिडकीशी आल्या. सगळ्या गावाची काळजी वाहणाऱ्या.

"माझी हरकत लिहून घे. या वयात शोभतं का हे?"

"वय कमी असलं तर हरकत घेता येते, मावशी. जास्त असलं तर नाही."

"अरे, तुझीच आई ना ती? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. हल्ली ती स्वयंपाक करताना गाणी म्हणते. मी लहान असताना म्हणायची तशी."

मावशी पाय आपटत गेल्या. तो मात्र स्वतःच्याच बोलण्याने चकित होऊन बसून राहिला. मग उठला, तोंड धुऊन आला आणि पुढचं टोकन पुकारलं.

मुदत संपली. "काही हरकत?" मोठ्या बाईंनी विचारलं. "नाही," तो म्हणाला, आणि त्याला खरंच हलकं वाटलं. बाईंच्या खोलीत, टेबलावरच्या फायली बाजूला सारून, लग्न लागलं. साक्षीदार म्हणून त्याने सही केली. डोळे भरून आले होते, पण सही रेषेवरच आली.

जिना उतरताना त्याला राहवलं नाही. "आई, इथल्या नगरपालिकेत एका सकाळीत झालं असतं हे. नोटीस नाही, फलक नाही. इथे महिनाभर कशाला ताटकळलात? आणि मला घरी एकदा विचारायचंस तरी."

काका दोन पायऱ्या पुढे जाऊन थांबले. आईने त्याचा हात धरला.

"घरी विचारलं असतं तर माझ्या तोंडाकडे बघून तू लगेच हो म्हणाला असतास," ती म्हणाली. "म्हणून जिथे तुला नाही म्हणायला महिना मिळतो, तिथे येऊन विचारलं."