पाठीवरची खुर्ची

चाळीस वर्षं मी कपाळाला पट्टा लावून लोकांना पाठीवरच्या खुर्चीत बसवून जुन्या दगडी पायऱ्यांवरून टेकडीवर नेलं. त्यांचं तोंड शहराकडे, माझं पायऱ्यांकडे. वर पोचलो की लगेच पुढच्या गिऱ्हाइकासाठी खाली पळायचं. शहर बघायला सवड कुणाला? गुडघे गेले तेव्हा खुर्ची भिंतीला टांगली, लेकाला बजावलं, "हिला हात लावायचा नाही. हे ओझं तुझ्या पाठीवर नको." कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेल्या लेकाने आज ती काढलीच. "एकदाच, बाबा. तुम्हाला शहर दाखवतो." मलाही मोह झाला. छपरं, नदी, पूल, सगळं पायांखाली पसरत गेलं. पाठीमागे त्याला धाप लागली होती. वर त्याने मला खुर्चीसकट टेकवलं. त्याच्या कपाळावर माझ्यासारखाच पट्ट्याचा वळ उमटलेला. तेवढ्यात एका दमलेल्या बाईंनी विचारलं, "मला खाली नेशील?" "नेतो की! बाबा, उठा." मी खुर्चीचे हात घट्ट धरले. उठलो नाही.