ठेवणीतलं वाक्य

वेंडेल प्रुइट बावीस वर्षं कॉलेजच्या बास्केटबॉल संघांचा सहायक कोच होता. विजयाचं श्रेय मुख्य कोचचं. गावोगाव हिंडून चांगली पोरं संघात आणायची, हे काम त्याचं. त्यातली खुबी त्याला पक्की ठाऊक होती. पोराशी कमी, त्याच्या आईशी जास्त बोलायचं. केकचा दुसरा तुकडा आपणहून मागायचा. आणि निघताना तिचा हात हातात घेऊन म्हणायचं, "ताई, तुमच्या लेकाला पोटच्या पोरासारखा सांभाळीन." या वाक्यावर आजवर एकाही आईने नकार दिला नव्हता.

आज त्याच्याच स्वयंपाकघरात दुसऱ्या कॉलेजचा सहायक कोच गॅरिटी त्याच्या मुलाला, टोबिनला, मागायला येऊन बसला होता. टोबिनच्या डाव्या हाताचं तो तोंड भरून कौतुक करत होता. पोरगा डाव्या हाताने इतका छान खेळतो, हे वेंडेलला नव्यानेच कळत होतं.

गॅरिटीने खुर्ची वेंडेलच्या बायकोकडे, मार्लीनकडे वळवली. केकचा दुसरा तुकडा मागून घेतला. गडी तयारीचा आहे, वेंडेलला मनातल्या मनात हसू आलं.

निघताना गॅरिटीने मार्लीनचा हात हातात घेतला. "वहिनी, काळजी सोडा. टोबिनला अगदी पोटच्या पोरासारखा सांभाळीन."

मार्लीनने नवऱ्याकडे पाहिलं. टोबिन खुर्चीतून उठला.

"तसा नको, सर. दुसऱ्याच्या पोरासारखा सांभाळा. दुसऱ्यांच्या पोरांची एकही मॅच बाबांनी कधी चुकवलेली नाही."