सरकार विरुद्ध वच्छलाबाई

"उदास तर माझी म्हैसही असते, डॉक्टर. उद्या तिने कोणाला शिंगावर घेतलं तर तिलाही सोडायचं का?"

सरकारी वकिलाच्या या बोलण्यावर जळगावच्या सेशन कोर्टात पार मागच्या बाकांपर्यंत हशा पिकला. साक्षीच्या पिंजऱ्यातले डॉक्टर मुजुमदार हसले नाहीत. मानसिक आजारांचे हे डॉक्टर धुळ्याहून सकाळच्या एसटीने मुद्दाम आले होते. बाई गप्प बसली की गाव तिला वेडी ठरवून मोकळं होतं. कोर्टाला तेच डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं असतं, एवढाच काय तो फरक.

पिंप्राळ्यात पिठाची गिरणी चालवणारा अभिमन मुठी आवळून बसला होता. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात त्याची धाकटी बहीण वच्छला. अमळनेरजवळच्या तिच्या सासरी, मळ्यातल्या विहिरीतून गड्यांनी तिला जिवंत काढलं आणि तिच्या सव्वा महिन्याच्या मुलीला मेलेलं. पोरीला घेऊन तिला उडी मारताना आपण बांधावरून पाहिलं, असं नवऱ्याने, लोटनने, सांगितलं होतं. त्याच्याच आरड्याने गडी धावले. पोरीचं बारसं आज करू, उद्या करू म्हणत राहूनच गेलेलं, म्हणून कोर्टातही तिला नाव नव्हतं. खून शाबीत झाला तर जन्मठेप किंवा फाशी, हे वच्छलेच्या बाजूच्या रतिलाल वकिलाने अभिमनला तोंडावर सांगून टाकलं होतं.

वच्छलेने उडी नाकारली नव्हती. फौजदाराने विचारलं, उडी मारली? ती म्हणाली, मारी. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हाही तेच. का मारली, म्हटलं की तोंडाला कुलूप. त्या 'का'पुढे फौजदार थकला, वकील थकला, सख्खा भाऊही थकला.

"साहेब, उदास वाटणं निराळं आणि हा आजार निराळा," डॉक्टर म्हणाले. "याला डिप्रेशन म्हणतात. बाळंतपणानंतर तो उसळी खातो. जेलमध्ये मी तिला तपासलं. जेवण नाही, झोप नाही, नजर एका जागी. आधीचीही एक मुलगी तापाने गेलेली, ते दुःख आत साचलेलं. आणि घरी काय चाललं होतं ते तिच्या नवऱ्याने सांगितलंच आहे."

लोटनने सांगितलं होतं. बाळंत झाल्यापासून ती रात्रभर जागी बसायची. पोरीला खाली ठेवायची नाही, कोणाच्या हाती द्यायची नाही, मोरीतसुद्धा बरोबर घेऊन जायची. "मला तर जवळ फिरकू द्यायची नाही," तो म्हणाला होता.

सुरुवातीला अभिमनला वाटायचं, या माणसाची गचांडी धरावी. पण लोटन एकही तारीख चुकवत नव्हता. थोरल्या मुलीला, सुमीला, मांडीवर घेऊन अगदी पुढे, वच्छलेला दिसेल असा बसायचा. धुळ्याचा डॉक्टर आणायची कल्पनाही त्याचीच. "बाई वाईट नही, भाऊ," तो म्हणायचा. "दुखनं शे ते." हळूहळू अभिमनला आपल्या रागाची लाज वाटायला लागली होती.

"तुमच्याशी ती काही बोलली?" सरकारी वकिलाने विचारलं.

"एकच वाक्य. 'माले उशीर व्हयना.' मला उशीर झाला. कशाला, ते सांगत नाही. या आजारात रोगी स्वतःला उगाच दोषी धरतो. नसलेलं ओझं वाहतो. त्या वाक्यात अर्थ शोधू नका. ते आजाराचं लक्षण आहे."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. वच्छलेने मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. पुढच्या बाकावर लोटनने सुमीला छातीशी ओढलं. वच्छलेची मान पुन्हा खाली गेली.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. कलम चौऱ्याऐंशी. कृत्य केलं, पण मन ठिकाणावर नव्हतं, म्हणून निर्दोष. अभिमन वकिलाच्या पाया पडायला वाकला.

"उठा, अजून सुटका नाही," रतिलाल वकील म्हणाला. वेडाच्या नावाने सुटलेल्याला कायदा मोकळं सोडत नाही. एक तर वेड्यांचं इस्पितळ, नाही तर हमी देणारा नातेवाईक.

अभिमनला बहिणीला पिंप्राळ्यालाच न्यायचं होतं. पण त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईने, आदल्या दिवशीच बजावलं होतं, "ती बाई माझ्या पोरांशेजारी निजणार असेल, तर मी पोरं घेऊन माहेरी चालले."

तेवढ्यात लोटन हात जोडून पुढे झाला. "साहेब, मी नेतो तिला. माझीच बायको आहे. गोळ्या वेळेवर देईन. सुमीलाही आई पाहिजे."

"असा नवरा आमच्या पाहण्यात नाही," न्यायाधीश म्हणाले. "भावाची हरकत?"

अभिमनने हरकत नाही म्हणून मान हलवली. लोटनच्या सहीखाली त्याने जामीनदार म्हणून आपली सही ठोकली.

बाहेर लिंबाखाली वच्छला शिपाई बाईजवळ उभी होती. लोटन सुमीला कडेवर घेऊन आत कागदावरच्या शिक्क्यासाठी थांबलेला.

"तुनाकडे जानं ना, भाऊ?" वच्छलेने विचारलं.

"तुना घर, वच्छी. लोटनराव तुले लई जातस. सही करी टाकी मी." अभिमनने डोळे पुसले. "देवमानूस शे तो. पन आते तरी माले सांग. उडी का मारी तू?"

वच्छलेने कोर्टाच्या दाराकडे पाहिलं. मग भावाकडे.

"पोरले बाहेर काढाले, भाऊ. सुमीना बापनी टाकेल व्हती तिले."