डावी पट्टी वर

कस्टमच्या तपासणी टेबलावर निमकरबाईंनी परदेशातून आलेला विणलेला स्वेटर पसरला आणि बटणं लावून पाहिली. डावी पट्टी उजवीवर बसली. "नियमाने हा पुरुषांचा. तुम्ही कागदावर बायकांचा दाखवलाय."

"पाचशे खोकी अडकतील, मॅडम," एजंट मोमीन कळवळला. "आणि बायका घालतात की असले. तुमच्या अंगावरचा बघा."

बाईंनी खाली पाहिलं. राखाडी स्वेटर, डावी पट्टी वर.

"हा आमच्या मिस्टरांचा."

"मग साहेबांना थंडी नाही वाजत?" मोमीन हसला.

"आता नाही."

मोमीनचं हसू विरलं. बाईंनी गळ्याजवळचं बटण लावलं आणि शेऱ्यात 'पुरुषांचे' लिहिलं.

"तीन वर्षं मी घालतेय, मोमीन. तरी तो बायकांचा झाला नाही."