निकाल सांगणारी

"आजी, निकालना पहिला दिन तुले आठवस का?" जागृतीने मोबाइलवरची नजर न काढता विचारलं.

तिने यंदा पहिल्यांदाच मत दिलं होतं. सकाळपासून ती मतमोजणीच्या फेऱ्या मोजत बसली होती. दिवेलागण झाली तरी शेवटच्या दोन फेऱ्या अडल्याच होत्या. आजी, म्हणजे प्रमिलाबाई, शेजारी मेथी निवडत होत्या.

"आठवस ना. तवय मी नऊ वरीसनी व्हती. आमना घर रेडिओ व्हता."

एवढं त्या नेहमीच सांगायच्या. पुढचं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आज मात्र, कोण जाणे का, त्या तिथे थांबल्या नाहीत.

तोरणमाळच्या पायथ्याशी एका गावात त्यांचे वडील शाळामास्तर होते. गावात रेडिओ तेवढा एकच. मतमोजणीच्या दिवशी वडील ड्यूटीवर धुळ्याला गेलेले, आई आत तापाने आडवी पडलेली. तिन्हीसांजेला वरच्या पाड्यांवरून सात-आठ माणसं पायी उतरून आली आणि ओट्यावर बसली. त्यांच्यातलाच एक माणूस पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला होता. रेडिओची मराठी त्यांना कळायची नाही. प्रमिला आत जाऊन रेडिओला कान लावायची आणि दारात येऊन त्यांच्या बोलीत सांगायची. ती बोली तिला शाळेतल्या पोरींबरोबर खेळता खेळता आली होती. मोठी माणसं आपल्या तोंडाकडे बघत गप्प बसतात, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिला ते फार आवडलं.

"रेडिओ बोलतो ते तुला सगळं कळतं?" रूपसिंग नावाच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"सगळं," ती म्हणाली.

रात्र चढली तसे रेडिओचे सेल उतरत गेले. आवाज बारीक झाला. निवेदकाने त्यांच्या मतदारसंघाचं नाव घेतलं आणि नेमकी खरखर सुरू झाली. तिला एकच शब्द ऐकू आला, 'विजयी'. कोण, ते काही कळलं नाही. मग रेडिओ बंदच पडला. ती दारात आली तेव्हा ओट्यावरचे सगळे उठून उभे राहिले होते.

ऐकू आलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण संध्याकाळभर ज्यांच्यापुढे मिरवलं त्यांच्यासमोर ते तिच्या तोंडातून निघेना.

"तुमचा माणूस निवडून आला," ती म्हणाली.

रूपसिंगने कमरेचं फडकं सोडलं आणि त्यातली सगळी चारोळी तिच्या ओंजळीत ओतली. मग ते अंधारातच चढ चढू लागले. पहिल्या पाड्यावर पोचल्यावर त्यांनी ढोल वाजवला. तो खाली गावात ऐकू आला. तोवर तिची निम्मी चारोळी खाऊन झाली होती.

सकाळी वडील आले. वरच्यांचा माणूस सपाटून पडला होता, डिपॉझिटही गेलं होतं. वडिलांनी ते चहा पिता पिता आईला सांगितलं. प्रमिला दाराआडून ऐकत होती.

बाजारच्या दिवशी रूपसिंग आला. वर पाड्यांवर दोन दिवस नाच चालला होता, बोकड कापलं होतं. मग कुणीतरी शहाद्याहून वर गेला आणि त्याने खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून पोरं रूपसिंगला पाहिलं की 'रेडिओ, रेडिओ' म्हणून ओरडत. हे सगळं तो मास्तरांना न रागावता सांगत होता.

"मास्तर, त्या रातीला रेडिओनं काय सांगितलं?" त्याने विचारलं.

त्या रात्री ओट्यावर काय झालं ते वडिलांना ठाऊक नव्हतं. ते मायेनेच हसले. "रेडिओ चुकत नाही, बाबा. तुम्हाला मराठी नीट समजली नसेल. ऐकण्यात गफलत झाली."

"मंग रूपसिंगनी सांगं नही का?" जागृती मध्येच म्हणाली. "तूच सांगेल व्हतं म्हनीसन?"

प्रमिलाबाईंनी मेथीची एक काडी उचलली, तशीच हातात धरून ठेवली.

रूपसिंगने मान वळवून भिंतीकडे पाहिलं होतं. तिथे पाटी मांडीवर घेऊन प्रमिला बसली होती. त्याने बराच वेळ पाहिलं. मास्तरांची पोर, अंगात परकर-पोलकं, दोन वेण्या.

"हो मास्तर," तो म्हणाला. "माझाच कान जुना झाला."

एवढं बोलून त्याने दाराशी ठेवलेली काठी उचलली आणि तो बाजारात गेला. नंतर तो त्या ओट्यावर कधी बसला नाही. पुढे किती निवडणुका आल्या, त्यांचे निकाल वर कोण सांगायचं, कुणास ठाऊक.

मोबाइल वाजला. शेवटच्या फेरीचा निकाल आला असावा. जागृतीने तो उचलला नाही.

"आनि तू? तू तवय काय करी ऱ्हायंती?"

"मी तेराना पाढा म्हनी ऱ्हायंती," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मोठ्ठ्यानं. एक आकडाबी चुकनी नही."